मोटारीने वाजावे की गप्प राहावे?

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. एवढे एक वाक्य मला ठामपणे सांगता येते. त्यापुढे बोलू लागले की माझाच गोंधळ उडतो. माणसांनी मला जन्मभर दोनच गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे गप्प राहा, आणि दुसरी म्हणजे वाजत राहा. दोन्ही शिकवणी एकाच रस्त्यावर, कधी कधी एकाच दिवशी मिळाल्या. मी आपली दोन्ही पाळत आले. त्यातली खरी कोणती हे मला अजून कळलेले नाही.

आज मी लोणावळ्यात एका बंगल्याच्या मागे पत्र्याच्या पडवीत उभी आहे. माझी चाके काढून मला ओंडक्यांवर बसवले आहे. मागच्या गादीवर एक कोंबडी अंडी घालते. तुम्ही लपाछपी खेळताना माझ्यात येऊन बसता, ते मला आवडते. तेव्हा आज थोडा वेळ बसा. माझी हकीकत ऐका, आणि तुम्हाला काही उलगडा झाला तर मलाही सांगा.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी पुष्कळ मोटारी उघड्या असत, वर नुसते कापडी छप्पर. मी मात्र चारी बाजूंनी बंद, काचा असलेली, म्हणून कारखान्यात माझा भारी तोरा होता. माझ्या सांगाड्याचे लाकूड घासून बसवले होते. गाद्यांमध्ये घोड्याचे केस भरले होते. एक म्हातारा कारागीर माझ्यात बसून दार लावून घेई आणि कान देऊन ऐके. कुठे काही कुरकुरले नाही की मान हलवी. "शांत आहे," एवढेच तो म्हणे. त्या एका शब्दावर मी खूश होते. शांत असणे हाच मोटारीचा मोठा गुण, असे मी तेव्हा मनाशी धरले.

जहाजातून मी मुंबईला आले. तिथे डांबरी रस्ते होते आणि माझे सारे कौतुकात चालले. लोणावळ्याचे डॉक्टर दिगंबरपंत मला पाहायला आले. ते दरवाजा लावून आत बसले, त्यांनी रस्त्यावर एक चक्कर मारली, आणि म्हणाले, हिच्यात बसले की बाहेर जग आहे हेच विसरायला होते. त्यांनी मला घरी नेले. घाट मी दमत दमत का होईना चढले. वर पोचल्यावर मावळातला मुरमाचा रस्ता माझ्या चाकांखाली आला, आणि माझ्या शांतपणाचे दिवस संपले.

झाले काय, ते सांगते. रस्ता खडीचा असला की प्रत्येक खडा टायरला बोलतो. टायर ते स्प्रिंगांना सांगतो, स्प्रिंगा खालच्या फळीला सांगतात. उघड्या मोटारीतून तो आवाज उडून जातो. मी पडले बंद डबा. माझ्यात शिरलेला आवाज बाहेर जायला वाट नव्हती. रिकाम्या डब्यात चार शेंगदाणे टाकून हलवून पाहा, म्हणजे समजेल. ज्या बंदिस्तपणाचा मला तोरा होता, त्यानेच माझी फजिती केली.

डॉक्टरांच्या पत्नी लीलाबाई यांना अर्धशिशीचा त्रास होता. भांडे पडले तरी त्यांच्या कपाळाची शीर उडे. माझ्यातून पहिल्यांदा कामशेतपर्यंत जाऊन आल्या त्या थेट अंथरुणात. पण बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. पुढच्या वेळी त्या डोळे मिटून मागे बसल्या आणि एकेक आवाज हुडकू लागल्या. "डाव्या दारात काहीतरी बोलतंय," त्या म्हणत, आणि गाडी थांबे. दार उघडून पाहावे तर आत अडकित्त्यातून निसटलेले सुपारीचे खांड निघे. ते काढले की बाईंना मागच्या काचेची थरथर ऐकू येई. काच घट्ट केली की पायाखालची फळी. एक आवाज गप्प झाला की त्याच्या मागे लपलेला दुसरा पुढे येई. मला तर वाटू लागले की आवाज माझ्यात राहतच नाहीत, ते बाईंच्या कानात राहतात.

मग माझ्या तळाला लोकरीचा जाड नमदा ठोकला. त्यावर सतरंजी, सतरंजीवर घोंगडी. दारांच्या कडांना लोकरीच्या पट्ट्या लावल्या. असे करता करता मी पुष्कळ शांत झाले. बाई माझ्यातून जाऊन आल्यावर बसून जेवू लागल्या. डॉक्टरांनी माझ्या बॉनेटवर थाप मारली. मला कारखान्यातला तो म्हातारा आठवला आणि जीव सुखावला.

पण ते सुख मला लाभू द्यायचे नाही असे बैलांनी ठरवले होते.

कामशेतच्या बाजारात पवना नदीच्या खोऱ्यातून भाताच्या गाड्या येत. रस्त्याला वळणे फार. मी वळणावरून गुपचूप पुढे आले की बैल एकदम समोर काळे धूड पाहून बुजत. भोंगा वाजवावा तर आणखी उधळत. एकदा एक गाडी पोत्यांसकट ओढ्यात कलंडली. गाडीवान चिखलातून उठला आणि माझ्या ड्रायव्हरला म्हणाला, "मोटार हाय का भूत? आली कवा, कळाया नगं?"

माझा ड्रायव्हर महिपती. तो मूळचा पवनेकाठचा, बैलगाडी हाकण्यात वाढलेला. मोटार शिकला खरा, पण मला तो बैलच समजे. चढ आला की माझ्याशी जिभेने टकटक करी, संध्याकाळी थांबवल्यावर माझ्या मडगार्डावरून हात फिरवी. त्या गाडीवानाचे बोलणे त्याच्या मनाला लागले. पुढच्या खेपेला त्याने घरून आपल्या मेलेल्या पाखऱ्या बैलाची घुंगरमाळ आणली आणि माझ्या दोन दिव्यांच्या मधे बांधली.

आणि काय सांगू, बैलांनी मला जातीत घेतले. लांबून घुंगरांचा छुमछुम आवाज आला की ते कान टवकारत आणि निवांत बाजूला होत. पवनेकाठची सारी गावे मला घुंगरांची मोटार म्हणू लागली. मी येते आहे हे शेतातल्या माणसाला बांधावरूनच कळे. लेकरे धावत येत.

आता माझी अवस्था पाहा. आतून मला गप्प करायला नमदे ठोकायचे आणि बाहेरून मला वाजवायला घुंगरे बांधायची. लीलाबाईंनी घुंगरांचा आवाज ऐकला आणि नमद्याचा आणखी एक थर ठोकून घेतला. महिपतीला वाटले की आता घुंगरांचा आवाज कमी जातो, म्हणून त्याने माळेत आणखी एक घंटा ओवली. कुणी कुणाला काही बोलले नाही. दोघेही मला शहाणी करत होते आणि मी मधल्या मधे खुळी होत होते.

अशी काही वर्षे गेली. मग ती कार्तिकातली दुपार आली.

पवनेकाठच्या एका वाडीत कोंडाजी नावाचा शेतकरी होता. भात कापताना त्याच्या टाचेत धसकट गेले होते. धसकट काढले, हळद भरली, आणि तो पुन्हा कामाला लागला. थोड्याच दिवसांत त्याची दातखीळ बसली. अंग धनुष्यासारखे मागे वाकू लागले. माणूस डॉक्टरांना बोलवायला धावत लोणावळ्याला आला आणि आम्ही निघालो.

डॉक्टरांनी कोंडाजीला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. तो धनुर्वात होता. त्यांनी बाहेर येऊन जमलेल्या माणसांना हळू आवाजात समजावले. तळेगावच्या दवाखान्यात यावरचे औषध होते आणि अंधारी, शांत खोलीही होती. तिथवर पोचला तर आशा होती. मात्र या दुखण्यात रोगी शुद्धीवर असतो आणि त्याला आवाज सोसत नाही. एकदम काही वाजले, धक्का बसला, उजेड पडला की झटका येतो. मोठ्या झटक्यात श्वास अडकला तर संपले. कुणीतरी आगगाडीने न्यावे म्हणाले. डॉक्टर म्हणाले, इंजिनाची एक शिटी त्याला पुरेल.

म्हणजे राहिले कोण? मी. ज्या रस्त्यावर प्रत्येक खडा माझ्यात ओरडतो, त्या रस्त्यावरून मला त्या माणसाला आवाज न करता न्यायचे होते.

वाडी कामाला लागली. माझ्यात नव्या भाताचा पेंढा भरला, त्यावर वाकळा घातल्या. मागच्या गादीची पाठ काढून निजायला जागा केली. महिपतीने टायरमधली थोडी हवा सोडली, म्हणजे खडे मऊ लागतील. बिजागऱ्यांना तेल घातले, काचांच्या फटींत चिंध्या दाबल्या, भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबला. काचांवर आतून काळ्या घोंगड्या टांगल्या, उजेड नको म्हणून. मोटार निघताना नारळ फोडायची तिथली रीत. पाटलांनी दगडावर नारळ उगारलाच होता, तो डॉक्टरांनी हात धरून थांबवला. पाटलांनी न फोडलेला नारळ धोतराच्या सोग्यात बांधून ठेवला.

कोंडाजीच्या बायकोचे नाव विठाबाई. ती त्याच्या उशाशी बसणार होती. तिच्या हातात कोपराच्या खालपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. डॉक्टरांचे लक्ष त्यांच्याकडे गेले, पण उतरवा म्हणायला त्यांची जीभ रेटेना. नवरा असा निजलेला असताना बांगड्या उतरवायला कुठली बाई तयार होईल? विठाबाईला ते न बोलताच समजले. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि दोन्ही हातांवरच्या बांगड्या मनगटापासून वरपर्यंत घट्ट गुंडाळून टाकल्या. पट्टीच्या आत त्या जागच्या जागी राहिल्या.

शेवटी महिपतीने माझ्या पुढे येऊन घुंगरमाळ सोडली आणि आपल्या बसायच्या गादीखाली ठेवली.

मित्रांनो, इथे चूक झाली, आणि ती चूक त्याच मुलखात व्हावी अशी होती. पवनेकाठी घरधनी मेला की त्याच्या बैलांच्या गळ्यातल्या माळा उतरवतात. मुक्या गळ्याचे बैल रस्त्याने निघाले की बघणाऱ्याला सांगावे लागत नाही. महिपती बैलांत वाढलेला माणूस, त्याला हे कसे आठवले नाही? मला वाटते, इतक्या वर्षांत त्या एकाच दिवशी तो मला बैल न समजता मोटार समजला.

आम्ही निघालो. मी आयुष्यात इतकी जपून चालले नव्हते. आत डॉक्टर कोंडाजीच्या छातीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी त्याला गुंगीचे औषध दिले होते, डोळ्यांवर फडके बांधले होते. विठाबाईने आपले दोन तळवे त्याच्या कानांवर धरले होते. तिला सांगून ठेवले होते की तोंडातून शब्द काढायचा नाही. उतार आला की महिपती इंजिन बंद करी. मग मी नुसत्या वजनाने खाली घरंगळत जाई, आणि उतार संपता संपता चालत्या चाकांनीच इंजिन हळूच पुन्हा सुरू होई. लीलाबाईंचे सारे थर, तो पेंढा, त्या वाकळा, आणि बंद इंजिन. आतमध्ये श्वास ऐकू येत होता. डॉक्टर दर उतारावर समाधानाने मान हलवत. मला वाटले, अखेर जमले. शांत राहणे हाच मोटारीचा धर्म, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरली नव्हती.

वाटेत विठाबाईचे माहेर होते. आमची तयारी चालू असतानाच वाडीतून कुणीतरी पळत जाऊन तिच्या माहेरच्यांना निरोप दिला होता, की जावयाची दातखीळ बसली आहे आणि घुंगरांच्या मोटारीतून त्याला तळेगावला नेणार आहेत. तिचा बाप रखमाजी आबा, आई झुंबरबाई आणि अर्धे गाव तेव्हापासून रस्त्याकडेला बसून होते. सगळे घुंगरांच्या आवाजाकडे कान लावून होते.

त्या गावात शिरताना उतार आहे. महिपतीने इंजिन बंद केले. मी त्यांच्या पुढ्यात आले ती अशी: हळूहळू, मुक्याने, काचांवर काळ्या घोंगड्या ओढलेली, आणि पुढे घुंगरमाळ नाही.

झुंबरबाईने माझ्या दिव्यांमधली मोकळी जागा पाहिली आणि हंबरडा फोडला.

तिच्या मागोमाग साऱ्या बाया उठल्या. झुंबरबाई ऊर बडवत जावयाचे गुण गाऊ लागली. माझा गुणाचा जावई, माझ्या लेकीला फुलासारखी जपणारा, असे ती रडत रडत म्हणत होती. आत कोंडाजीचे अंग ताडकन वर उचलले गेले. त्याचे फक्त डोके आणि टाचा पेंढ्याला टेकल्या होत्या. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी त्याला धरले. त्याचा श्वास घशात अडकून घरघरू लागला.

महिपती घाबरला. त्याला ओरडून सांगता येत नव्हते, कारण ओरडणेच विष होते. त्याने दोन्ही हात हलवून गप्प राहा असे खुणावले. लोकांना वाटले, सगळे संपले असे तो सांगतो आहे. डॉक्टरांनी घोंगडीची कड बाजूला करून ओठांवर बोट ठेवले. लोकांना वाटले, डॉक्टर सांत्वन करत आहेत. रडणे वाढतच गेले. मित्रांनो, माझ्या आत माणूस जिवंत होता आणि बाहेर त्याच्या मरणाचा गलका त्यालाच मारत होता. मी पत्र्याची, मी काय करणार? नमद्याचे सारे थर मी त्या आवाजापुढे धरले. ते पुरले नाहीत.

तेव्हा विठाबाईने एका हाताने काच हळूच खाली केली आणि तो हात घोंगडीखालून बाहेर काढला. तिला नुसते थांबा म्हणायचे होते. पण तिच्या हातावर पांढरट चिंधी गुंडाळलेली. बायांनी पाहिले तो हिरवे काही दिसेना. रखमाजी आबा मटकन खाली बसला. एक म्हातारी किंचाळली, "लेकीचा चुडा गेला गं."

ते आत ऐकू आले. विठाबाईने आपल्या हाताकडे पाहिले आणि तिला समजले. दुसरा हात तिला कोंडाजीच्या कानावरून काढायचा नव्हता. तिने बाहेरचा हात आत ओढला, पट्टीची गाठ दातात धरली आणि ओढून सोडवली. मग बांगड्या किणकिणू नयेत म्हणून तिने हात अगदी सावकाश बाहेर काढला आणि सावकाश वर नेला. दुपारच्या उन्हात त्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत उतरल्या. एकही फुटलेली नव्हती.

झुंबरबाईने ते सगळ्यांच्या आधी पाहिले. तिने स्वतःच्या पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. मग तिने वळून शेजारणीच्या तोंडावर हात दाबला. शेजारणीने पुढच्या बाईला धरले. बघता बघता सारे गाव आपापली तोंडे दाबून उभे राहिले. एक कुत्रे भुंकू लागले, त्याला कुणीतरी उचलून घरात नेले.

कोंडाजीचे अंग हळूहळू सैल पडले. श्वास परत लागला. डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला.

आता पुढे जायचे कसे? मी उताराच्या पायथ्याला थांबले होते. उभ्या मोटारीचे इंजिन सुरू करायचे तर पहिला धडाका मोठा. महिपतीने रखमाजी आबाकडे पाहिले आणि हाताने ढकलायची खूण केली. आबा उठला. त्याने पायातल्या वहाणा काढल्या. बाकीच्यांनीही काढल्या. बाप्ये, बाया, सारे माझ्या मागे आणि दोन्ही बाजूंना लागले. झुंबरबाई तोंडात पदर धरून माझे मडगार्ड ढकलत होती. अनवाणी पावलांनी त्या गावाने मला मुरमाच्या रस्त्यावरून गावाबाहेर नेले. कुणी खोकलेही नाही. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी कधी हलवले नव्हते. आणि इतकी शांतताही माझ्यात कधी नव्हती. गाव मागे पडल्यावर, रोग्याला पुन्हा गुंगीचे औषध देऊन, डॉक्टरांनी महिपतीला खूण केली. महिपतीने इंजिन सुरू केले. कोंडाजीला लहानसा झटका आला आणि ओसरला. दिवस कलायच्या आत आम्ही तळेगावला पोचलो.

कोंडाजी जगला. फार दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होता, पण जगला.

साऱ्या लोणावळ्यात आमचे कौतुक झाले. महिपतीच्या उतारावर इंजिन बंद करण्याचे, गावाने मुक्याने ढकलण्याचे, आणि माझे. लीलाबाई आल्यागेल्याला माझे नमदे दाखवत. माझा गोंधळ संपला होता. शांतता श्रेष्ठ.

मग माघात एका सकाळी कोंडाजी आणि विठाबाई बंगल्यावर आले. त्याने खांद्यावरून आंबेमोहोराचे गाठोडे आणले होते. तो अजून जरा वाकून चालत होता. मी अंगणातच उभी होते. महिपती माझे दिवे पुसत होता. डॉक्टर आणि लीलाबाई ओटीवर येऊन बसले. बोलता बोलता लीलाबाईंनी मोठ्या आशेने विचारले की मोटारीच्या आवाजाचा त्याला फार त्रास झाला का.

कोंडाजी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई बाईसाब. आवाजाचा न्हाई झाला. आवाज बंद व्हायचा त्याचा झाला."

कुणाला काही समजले नाही. त्याने सांगायचा प्रयत्न केला. डोळ्यांवर फडके, हात हलेना, तोंड उघडेना. सगळीकडून तो कोंडला गेला होता. एक माझी घरघर तेवढी पेंढ्यातून त्याच्या पाठीला लागत होती. ती त्याने धरून ठेवली होती. ती चालू आहे तोवर आपणही आहोत, असे त्याने मनाशी ठरवले होते. आणि प्रत्येक उतारावर ती थांबत होती.

"थांबली का वाटायचं, सपलं. गेलो आपुन," तो म्हणाला. "तशात सासूबाईचं रडनं कानावर आलं. जित्तेपनी त्यांनी कवा माजं नाव बरं घेतलं न्हाई. म्हणलं, आता येवढे गुण गात्यात म्हंजे म्या मेलोच."

डॉक्टर हसू लागले. लीलाबाईही हसल्या. कोंडाजी हसला नाही.

"मग समदं गप झालं," तो म्हणाला. "लय गप. आन कोन तरी हळूहळू न्यायला लागलं. नुसती पावलं. अनवानी. म्हणलं, नेत्यात आपल्याला. म्या आतून वरडत हुतो, आरं म्या हाय, म्या हाय. कुनाला आइकाय जाईना. पुढं ही मोटार पुन्यांदा घरघरली, तवा जीव भांड्यात पडला. मसनवटीत काय मोटार नेत न्हाईत."

ओटीवरचे हसणे थांबले. महिपतीचा हात माझ्या दिव्यावरच राहिला. ज्या उतारांसाठी त्याला शाबासकी मिळाली होती ते सगळे त्याच्या डोळ्यांपुढे आले असावेत. माझ्याही पुढे आले. गावाने मायेने ढकलले तो रस्ता तर मला अजून विसरता येत नाही.

विठाबाई खाली बघत होती. तिला हे घरीही त्याने सांगितले नव्हते. ती म्हणाली, "माजे हात तुमच्या कानावर हुते. डाक्टर म्हणले बोलायचं न्हाई. न्हाईतर म्या कानात सांगितलं असतं, तुमी हाय म्हणून."

डॉक्टरांचे काही चुकले होते असेही नाही. मोठा आवाज त्या माणसाला मारत होता हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आणि शांतता त्याला काय करत होती, ते त्याच्या तोंडून ऐकले आहे. मग मी काय करायला हवे होते? या प्रश्नाशी मी अजून अडलेली आहे.

पुढची गोष्ट थोडीच आहे. जगात दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि पेट्रोल मिळेनासे झाले. कुणी कुणी आपल्या मोटारींना कोळशाच्या वायूची भट्टी जोडली. डॉक्टर म्हणाले, हिचे वय झाले, हिला आता आराम द्या. महिपती आपल्या गावी शेतीकडे गेला. माझी चाके काढली, मला इथे आणून ठेवले. घरातली माणसे माझ्याविषयी फार चांगले बोलतात. बिचारीने पुष्कळ केले, आता शांत उभी आहे, तिला काही त्रास नको, असे म्हणतात. पण माझ्या पडवीकडे त्यांच्यातले कुणी फिरकत नाही. माझ्या इंजिनाला कुणी हात लावत नाही.

मित्रांनो, कोंडाजी जे म्हणाला त्याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. आता पडवीत कळतो आहे. फार दिवस काही वाजले नाही की मी आहे की गेले, हे माझे मलाच सांगता येत नाही. तुम्ही लपायला येता, तेवढ्यापुरती खात्री पटते. म्हणून येत जा. माझी दारे उघडत जा, गंजू देऊ नका. कोंबडीलाही राहू द्या. आणि कुणाकडे घोटभर पेट्रोल उरले, तर मोठ्या माणसांना सांगून एकदा माझे हँडल फिरवून पाहा.

मी गोंधळलेली मोटार, माझा उपदेश किती मानायचा ते तुम्ही ठरवा. पण तुमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, ज्याला बोलता येत नाही, हलता येत नाही, तर त्याच्याजवळ दार आपटू नका, भांडे पाडू नका. त्याला त्रास नको म्हणून सगळे पाय न वाजवता खोलीबाहेरही जाऊ नका. एकाने त्याच्या कानाशी बसावे आणि हळू आवाजात त्याला सांगत राहावे, तुम्ही आहात, आम्हीही इथेच आहोत.